दहा मार्चची अमावस्या

मधुमतीला मी या देशात बोलावलं. कंपनीनं नाही, सरकारनं नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला पळवाट काढता येणार नाही.

मी नीना. वय बहात्तर, मुक्काम लंडनमधलं एजवेअर. एकोणऐंशी साली लग्न होऊन आले, मग इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात बावीस वर्षं फायली सांभाळल्या. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणू देत, खरंच आहे ते. माझे यजमान ज्ञानेश्वर अंडरग्राउंड रेल्वेत सिग्नल्सचे इंजिनिअर होते. रिटायर होऊन निवांत बागकाम करायचे, आणि बावीस साली एका सकाळी चहाचा कप हातातून पडला. स्ट्रोक. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यात जमा. मुलगा समर लीड्सला असतो. बिचारा धावत येतो, पण त्याचीही नोकरी आहे, पोरं आहेत.

कौन्सिलनं दिवसाला चार वेळा केअरर, म्हणजे घरी येऊन आजाऱ्याचं सगळं करणारी माणसं, ठरवून दिले. ठरवून दिले म्हणजे कागदावर हो! एका महिन्यात सात वेगवेगळ्या बायका आल्या. एकीला सुपरमार्केटमध्ये काम मिळालं, ती गेली. एक आलीच नाही. फोन केला की ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणायची, "वी आर शॉर्ट स्टाफ्ड, डिअर." अगं, डिअर काय डिअर, इथे माणूस ओल्यात पडलाय! कोविडात दर गुरुवारी आम्ही सगळे दारात उभं राहून पातेली बडवत होतो या लोकांसाठी. पातेली बडवून कुणी कामाला येत नाही, हे सरकारलाही कळलं असावं. त्यांनी जाहीर केलं की देशात केअरर मिळत नाहीत, बाहेरून आणा, व्हिसा देतो, बायकामुलंही आणा.

तेव्हा मला मधुमती आठवली. माझं माहेर मिरजेचं. माझी आई शेवटचे चार महिने तिथल्या एका हॉस्पिटलात होती, आणि बायकांच्या वॉर्डात ही मधुमती वॉर्ड असिस्टंट होती. नर्स नव्हे. बारावी झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स, आणि मग चौदा वर्षं तोच वॉर्ड. ठेंगणी, सावळी, चालणं असं की मागून पळावं लागेल. कुणाच्या अंगाला हात लावायच्या आधी ती सांगायची, "कुशीवर वळवते हं, आजी." "पाणी जरा गार आहे हं." माझी आई शुद्धीत नसायची तेव्हासुद्धा सांगायची. मी एकदा म्हटलं, अगं तिला कुठे ऐकू येतंय! तर म्हणाली, "न येऊ दे. गाठोडं आहे का ते, न विचारता उचलायला?"

मी मिरजेला माझ्या बहिणीला, शशीला फोन केला. म्हटलं, त्या मधुमतीला विचार, इकडे येतेस का. मधुमतीनं लगेच हो म्हटलं नाही. नवरा रवी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली होता, घरात सासूबाई, आणि एक मुलगी ईशानी, आठ वर्षांची. मधुमतीनं एकच प्रश्न विचारला, "काकू, ईशानीला आणता येईल ना? ती नसेल तर मला लंडन नको." मी म्हटलं, अगं येईल म्हणजे काय, सरकारच सांगतंय आणा म्हणून! इथल्या शाळा बघशील तर बघत राहशील.

मग वर्षभर ती त्यामागे लागली. वॉर्डातून घरी आली की इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. इकडे मी एक एजवेअरचीच कंपनी गाठली, मॅनेजरच्या डोक्यावर बसले, मुलाखत व्हिडिओवर झाली. तेवीसच्या डिसेंबरात सरकारनं घोषणा केली की केअररना यापुढे कुटुंब आणता येणार नाही. बाहेरून फार लोक आले म्हणे! तुम्हीच बोलावलेत ना रे? गरज सरो, वैद्य मरो. पण नियम लगेच लागू नव्हता. पुढे तारीख जाहीर झाली, अकरा मार्च. त्याआधी जो अर्ज करेल त्याला जुना नियम. आणि मधुमतीचं कंपनीचं पत्र आलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. वेळेत होतं सगळं. अगदी वेळेत.

नऊ मार्च, शनिवार. मी दुपारी पोळ्या लाटत होते, तिकडे संध्याकाळ झालेली. मधुमतीचा फोन आला. "काकू, फॉर्म भरून तयार आहे. फी भरून बटण दाबायचं, एवढंच राहिलंय. पण सासूबाई म्हणतायत आत्ताच अमावस्या लागली, उद्याही आहे. हे म्हणतात, कसली अमावस्या, दाबून टाक. सासूबाई म्हणाल्या, नीनाताईंना विचार, त्या तिकडच्या जाणत्या आहेत."

आता मी काही उपासतापासवाली बाई नाही. इथे राहून मी काय नाही खाल्लं! पण अमावस्येला नवं काम काढायचं नाही, हे हाडात बसलेलं. घराची किल्लीसुद्धा आम्ही चार दिवस थांबून घेतली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.

तिनं स्वतःहून विचारलं हो, "पण काकू, अकरा तारखेला नियम बदलतोय ना? उद्या रविवारी करून टाकू का?"

आणि मी म्हटलं, शब्द न् शब्द आठवतोय मला, "अगं वेडे, सरकारी ऑफिसात बावीस वर्षं काढलीत मी. सोमवारपासून म्हणजे इथे कधीच सोमवारपासून नसतं. आधी सर्क्युलर निघतं, मग मीटिंग, मग चहा. दोन-चार दिवस कुणी बघत नाही. लेकराला आणायचं काम आहे, अमावस्येला कशाला हात लावतेस? सोमवारी सकाळी आंघोळ कर, देवापुढे दिवा लाव आणि मग दाब बटण."

"बरं काकू, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

सोमवारी तिकडे सकाळी साडेसातला तिनं बटण दाबलं. मला मोबाईलचा फोटो पाठवला, रवीच्या फोनवरून काढलेला. तिच्या फोनच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं. मी उठून तो फोटो बघितला आणि नमस्काराचं चिन्ह पाठवलं. किती बरं वाटलं होतं मला.

मे महिन्यात ती आली. पहिले दोन आठवडे आमच्याच छोट्या खोलीत राहिली, मग बर्न्ट ओकला एका घरात खोली घेतली. रवी आणि ईशानीचा अर्ज ती स्थिरावल्यावर, ऑगस्टमध्ये करायचा असं ठरलेलं. कंपनीनं तिला आमची सकाळची कॉल दिली, म्हणजे सातला येऊन यांना उठवणं, अंघोळ, कपडे, नाश्ता. त्याआधीच्या बायका यांना भरवायच्या तेव्हा ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे, माझा जीव खालीवर. मधुमती एका हातानं हनुवटी धरायची, घास गिळला की गळ्याकडे बघायची, मगच दुसरा. दोन वर्षांत पहिल्यांदा हे माणसासारखे जेवायला लागले. तिचं नाव त्यांना पूर्ण म्हणता यायचं नाही. "मधू" म्हणायचे. माझं नाव दोनच अक्षरांचं, तरी ते कधी जमलं नाही, पण मधू जमलं. मला राग यायचा थोडा, आणि हसूही यायचं.

तिच्या बाकीच्या घरांमध्येही तेच. मिल हिलचा एक इंग्रज म्हातारा कुणाला पायाला हात लावू द्यायचा नाही. ही म्हणायची, "आय अ‍ॅम टेकिंग युअर लेग हं." महिन्याभरात तो स्वतःच पाय पुढे करून "हं" म्हणायला लागला. हे ती इतकी रंगून सांगायची!

संध्याकाळची कॉल संपली की ईशानीशी व्हिडिओ. आल्याबरोबर तिनं ईशानीसाठी शाळेचा राखाडी स्कर्ट घेऊन ठेवला होता. मी म्हटलं, अगं मापाचं काय, ती वाढेल. म्हणाली, "दोन नंबर मोठाच घेतलाय."

ऑगस्टमध्ये माझ्या ओळखीच्या एका व्हिसा सल्लागाराकडे आम्ही दोघी गेलो. भला माणूस होता, देव त्याचं नाव, इथेच वाढलेला. कागद चाळता चाळता त्यानं विचारलं, "तुमचा मूळ अर्ज कधी सबमिट झाला?"

"अकरा मार्च," मधुमती म्हणाली. "सोमवारी."

त्यानं पुन्हा विचारलं. मग त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. अकरा मार्च उजाडल्यापासून आलेल्या अर्जांना नवा नियम. सर्क्युलर नाही, मीटिंग नाही, चहा नाही. मिरजेत साडेसात म्हणजे इथे पहाटेचे दोन. दोन तासांच्या जरा आधी दाबलं असतं बटण, तर इथे रविवारच होता. दोन तास!

मी भांडले. मी म्हटलं, काहीतरी रस्ता असेल, मुलगी लहान आहे. तो म्हणाला, तिचे वडील तिथे आहेत, ती एकटी नाही, त्यामुळे काही धरता येणार नाही. बाहेर बसस्टॉपवर आल्यावर मधुमती म्हणाली, "काकू, काकांची साडेबाराची कॉल कोणाकडे आहे आज? उशीर व्हायला नको." अशा वेळी ही बाई माझ्या नवऱ्याच्या जेवणाची काळजी करत होती.

घरी आल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. शशी दर वर्षी मिरजेहून पाठवते. मार्चचं पान उलटलं. दहा तारीख, अमावस्या, आणि खाली बारीक अक्षरात: दुपारी अडीचच्या सुमाराला समाप्ती. रविवारची अख्खी संध्याकाळ मोकळी होती. शुभ-अशुभाच्या माझ्या हिशेबानंसुद्धा मोकळी होती! मी कॅलेंडर न बघताच बोलले होते. अर्धवट ज्ञान आणि वर तोंडाचा पट्टा. मी पान परत लावलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. समर फोनवर म्हणाला, "आई, तुझा चूक नाही हे, गव्हर्मेंटचा आहे." त्याचं मराठी असंच आहे. त्यालाही सांगितलं नाही.

मी खासदाराला पत्र लिहिलं. उत्तर आलं, छान कागदावर, की आपल्या भावना पूर्णपणे समजतात. समजून काय चुलीत घालायच्या?

मग मधुमतीनं स्वतःची समजूत घातली. पाच वर्षं काढली की कायमचं राहता येतं, मग ईशानीला आणता येतं. बोटांवर मोजायची, "तेव्हा ती चौदाची असेल, काकू. चौदा म्हणजे काही फार नाही." मीही मान डोलवायची. पंचवीसच्या जानेवारीत अठरा दिवस जाऊन आली. ईशानी कशी आहे, असं मी विचारलं तर म्हणाली, "पहिले दोन दिवस लाजली माझ्याशी. पाहुण्यांशी लाजतात तशी."

मे महिन्यात सरकारनं नवीन काढलं. पाचाची दहा वर्षं करणार म्हणाले, आणि केअरर बाहेरून आणणंच बंद. मधुमती स्वयंपाकघरात उभी राहून माझ्या फोनवर ते वाचत होती. पुन्हा बोटं मोजली. एकोणीस. अठरा उलटलं की मूल म्हणून आणता येत नाही. तिनं बोटं मिटली आणि हात एप्रनमध्ये घातला.

"अगं, नुसतं बोलतात," मी म्हटलं. "हे सरकार जाईल, दुसरं येईल. जरा धीर धर."

खरं सांगू? मी तिच्यासाठी बोलत नव्हते. ती गेली तर यांना कोण भरवणार, हे माझ्या मनात होतं. पुन्हा त्या सात बायका, पुन्हा तो ठसका. एका आईला मी माझ्या गरजेपायी अडवून धरत होते, आणि वर धीर धर म्हणून शहाणपणा शिकवत होते. लाज वाटते सांगताना.

सप्टेंबरात एका सकाळी ती यांना दाढी करून देत होती. सासूबाईंचा फोन आला, तिनं स्पीकरवर ठेवला, कारण हातात रेझर. सासूबाई इकडचं तिकडचं बोलल्या आणि सहज म्हणाल्या, "ईशीचं पोट दुखतंय आज, पाळीचं गं. शाळेत नाही पाठवली."

मधुमतीचा हात थांबला. "पाळी? कधी आली तिला?"

"अगं, जूनमध्येच. तिनं सांगितलं नाही होय तुला? मला वाटलं सांगितलं असेल."

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मधुमतीनं रेझर धुतला, यांची उरलेली दाढी पूर्ण केली, टॉवेलनं गाल पुसले. मग ईशानीला फोनवर घे म्हणाली. ती पोर आली. मधुमतीनं अगदी हळू विचारलं, "बाळा, मला का नाही सांगितलंस?"

"तू कामावर होतीस," ईशानी म्हणाली. "मग राहून गेलं." तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. सांगायचं राहून गेलं, बस.

"कुणी केलं मग सगळं? घाबरली होतीस का?"

"शाळेतल्या बाईंनी केलं. त्या चांगल्या आहेत."

मधुमती आमच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. मला बाहेर ऐकू येत होतं. अगं कर्म माझं, परक्या बायकांचे, परक्या पुरुषांचे लंगोट बदलायला मी तिला सात समुद्रापार आणलं, आणि पोटच्या पोरीला पहिल्यांदा कपडा लावायला आई नव्हती. दहा मिनिटांनी ती तोंड धुऊन आली, यांची गोळी दिली, आणि मला म्हणाली, "काकू, मी नोटीस देतेय. नोव्हेंबरात जाईन."

या वेळी मी धीर धर म्हटलं नाही. तेवढी तरी अक्कल आली होती.

जायच्या आधी तिनं मला शिकवलं. हनुवटी कशी धरायची, घास गिळलाय हे कसं ओळखायचं, चादरीनं माणूस कसा सरकवायचा. माझी पाठ साथ देत नाही, पण ती रागावून पुन्हा पुन्हा करायला लावायची. कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं की नवीन माणूस मिळणं अवघड आहे, बाहेरून आणायला आता परवानगी नाही, आणि इथले कुणी टिकत नाहीत. मी म्हटलं, हो, ऐकलंय मी हे.

शेवटच्या दिवशी ती युनिफॉर्ममध्ये नव्हती. जांभळा पंजाबी ड्रेस, केसांना तेल, कपाळाला टिकली. विमान दुपारचं होतं. यांना शेवटचा नाश्ता तिनंच भरवला. मग बॅगेची चेन लावत हॉलमध्ये उभी राहिली, आणि मला राहवलं नाही.

"मधू, मला एक कबूल करायचंय. ती अमावस्या रविवारी दुपारी अडीचलाच संपली होती. संध्याकाळ मोकळी होती तुझ्याकडे. मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. उगाच शहाणपण केलं."

तिनं चेन पूर्ण लावली. "माहीत आहे, काकू."

"कधीपासून?"

"त्या देवभाऊंकडून आलो ना, त्याच दिवशी सासूबाईंना कॅलेंडर बघायला लावलं. आमच्याही भिंतीवर तेच आहे."

सव्वा वर्ष! सव्वा वर्ष रोज सकाळी सातला ही माझ्या दाराची बेल वाजवत होती. "अगं मग बोलली का नाहीस? भांडायचंस! शिव्या द्यायच्यास!"

"काय बोलू? काकांना कोण उठवणार होतं?" ती म्हणाली. "आणि बटण मीच दाबलं. तुम्ही सांगितलंत, पण दाबलं मी. हे म्हणत होते आत्ता दाब, त्यांचं ऐकलं नाही."

"मला माफ कर, मधू."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. खरंच विचार करत होती ती, होकार तयार ठेवून बोलणारी बाई नव्हती. "नाही जमत, काकू," ती म्हणाली. "खूप वेळा करून बघितलं. खोटं कशाला बोलू?"

मग ती आत गेली. यांच्या खुर्चीपुढे वाकून दोन्ही पायांवर डोकं टेकलं. यांचा डावा हात तिच्या केसांवर आला. "येते, काका," ती म्हणाली. हे रडायला लागले. त्यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.

माझ्या पाया ती पडली नाही. दारात बूट घातले, बॅग उचलली आणि म्हणाली, "जाते, काकू."

आमच्यात जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात, कुणी मेलेल्याच्या घरून निघाल्यासारखं जाते म्हणू नये. आयुष्यभर मी पोरासोरांना यावरून टोकलंय, समरच्या पोरांनासुद्धा. मधुमतीला ते चांगलं ठाऊक होतं.

"हो, नीट जा," मी म्हटलं.

ती फाटकातून बाहेर पडली, तिच्या त्या भराभर चालीनं. मी दार लावलं. साडेबाराचा केअरर आला नाही, फोन केला तर कुणीच नाही म्हणाले. यांचं जेवण मी भरवलं. हनुवटी धरली, गळ्याकडे बघितलं, तिनं शिकवलं तसंच केलं. तिसऱ्या घासाला यांनी तोंड फिरवलं आणि दाराकडे बघून हाक मारली, "मधू."